दिसायचंय की पाहायचंय?

डोंबिवलीत ‘लाइटवाले अण्णा’ म्हटलं की रिक्षावाला पुढचा पत्ता विचारत नाही. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर आणि बँकेत. गणपतीचा मांडव, लग्नाचा हॉल, सराफाचं दुकान, दिवाळी पहाटेचा फडके रोड, जिथे म्हणून झगमगाट तिथे अण्णांची वायर. गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली, तेव्हा आदल्या रात्री शिडीवर चढून माळा सोडणाऱ्यांत अण्णा होते. पुढे शिडीवर पोरं चढू लागली आणि अण्णा खाली उभे राहून ‘अजून एक माळ, अजून एक’ असं ओरडू लागले, एवढाच काय तो फरक.

त्यांचं एक ठाम मत होतं. ते म्हणत, “अंधार म्हणजे काय? कुणाचा तरी आळस. वेळेवर वायर ओढली नाही की अंधार होतो.”

सराफाच्या शोकेसचं त्यांचं काम तर ठाण्याच्या गोखले रोडपर्यंत नावाजलेलं. त्यातली खुबी ते नव्या पोरांना शिकवत. काचेच्या आतला उजेड बाहेरच्यापेक्षा चांगला चढा ठेवायचा. मग रस्त्यावरच्या माणसाला काच दिसतच नाही, नुसता हार दिसतो. उजेड बाहेर जास्त झाला की गिऱ्हाईक हाराऐवजी काचेत स्वतःचे केस सारखे करून पुढे जातं. “उजेड ज्या बाजूला, ती बाजू दिसते. काचेचा धंदा एवढ्या एका ओळीवर चालतो,” असं सांगून ते तंबाखू मळायला घेत.

एवढ्या उजेडाच्या माणसाचं स्वतःचं घर मात्र अंधारं. रामनगरातली जुनी इमारत, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर हाताच्या अंतरावर दुसरी इमारत. समोरच्या घरी कुठली भाजी फोडणीला पडली ते काकूंना वासावरून कळे आणि यांच्याकडे कुठल्या विषयावर भांडण चाललंय ते समोरच्यांना. म्हणून काकूंनी खिडकीला जो पडदा लावला, तो फक्त धुवायला निघे.

मुलगा ठाण्याला घोडबंदर रोडवर राहायचा, उंच टॉवरमध्ये. फ्लॅट येऊरच्या डोंगराकडे तोंड केलेला. घेताना बिल्डरने ‘डोंगराचा व्ह्यू’ म्हणून वेगळे पैसे लावले होते. दुपारनंतर ऊन थेट आत येतं, सोफ्याचं कापड विटतं, टीव्हीवर चमक येते. म्हणून तिथेही पडदे पाडलेले.

आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा या मुलाने त्यांना एक वेगळीच भेट दिली: मुरबाडच्या पुढे, सिद्धगडाच्या बाजूला, एका शेतावर फुगवलेल्या पारदर्शक घुमटात एक रात्र.

“फुग्यात राहायचं?” काकूंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

मुलाने मोबाइलवर फोटो दाखवले. झाडांमध्ये मोठा काचेसारखा बुडबुडा, आत पलंग, वर तारे. तिकडे फिनलंडमध्ये लोक काचेच्या घुमटात झोपून ध्रुवीय प्रकाश बघतात, तसंच हे आपल्याकडचं, पण काचेऐवजी पीव्हीसीचं. एक पंखा सतत आत हवा ढकलतो आणि त्या हवेच्या दाबावर घर उभं राहतं. खांब नाही, वासा नाही. ही युक्ती काही कालची नव्हती. लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरने युद्धातल्या इस्पितळाच्या तंबूसाठी तिचं पेटंट १९१७ मध्येच मागितलं होतं.

एका रात्रीचे पैसे ऐकून काकू म्हणाल्या, “एवढ्यात महिन्याचा किराणा येतो.” अण्णांनी फोटो बोटांनी मोठा करून बघितला आणि म्हणाले, “माळा फार विरळ सोडल्यात.”

मे महिना संपत आला होता. पाऊस दारात यावा आणि आत पाऊल टाकू नये असे दिवस. कल्याणहून शहाडचा पूल, म्हारळ, वरप, कांबा असं करत गाडी रायत्याला उल्हास नदी ओलांडून गोवेलीला आली, तेव्हा कुठे खिडकीतून येणारा वारा थोडा हलका झाला. मुरबाड सोडून म्हशाच्या रस्त्याला लागल्यावर काकूंनी विचारलं, “हेच का ते बैलांच्या बाजाराचं म्हसा?” तेच ते. पौष पौर्णिमेच्या जत्रेत इथे पाय ठेवायला जागा नसते. आता रस्त्यावर एक कुत्रं तेवढं आडवं पसरलं होतं.

शेताचा मालक पंचविशीचा, बाळू नावाचा. बारावीनंतर अंबरनाथच्या एका कारखान्यात तीन पाळ्या करून कंटाळला आणि घरी परतला. भाताने पोट भरतं पण हप्ते भरत नाहीत, म्हणून कर्ज काढून त्याने दोन घुमट मागवले होते. घरात त्याची आजी होती. ती पाहुण्यांशी कमी बोलायची आणि त्यांना बारकाईने न्याहाळायची.

बाळूने सूचना दिल्या. घुमटाला दोन दारं, एकामागे एक. पहिलं बंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, नाहीतर हवा भस्सकन बाहेर जाते. आत टोकदार काही नको. काकूंनी निमूटपणे पदराची सेफ्टी पिन काढली, मग केसातले आकडे काढले. सकाळी नऊच्या आत बाहेर पडायचं, कारण ऊन चढलं की आत भट्टी होते. ऊन आत शिरतं पण ऊब बाहेर निघत नाही. “म्हणून तर संध्याकाळी पाचच्या आधी कुणाला आत सोडत नाही,” बाळू म्हणाला. “दिवसा आत फक्त मिरच्या वाळतील.”

अण्णांचं निम्मं लक्ष आजूबाजूच्या झाडांवर होतं. ऐन, हिरडा, दोन थोराड जांभळी. कुठल्या फांदीवरून कुठल्या फांदीवर वायर जाईल याचा हिशेब त्यांच्या डोक्यात सुरू झाला होता. लाइटचं काम करतात असं कळल्यावर बाळू त्यांना बाजूला घेऊन गेला.

“अण्णा, एक कोटेशन द्या ना. या सगळ्या झाडांना बुंध्यापासून शेंड्यापर्यंत माळा गुंडाळायच्या. खालून हिरवे, जांभळे फोकस. माझ्याकडे चार फ्लडलाइट आहेत, पण ते पुरत नाहीत. पाहुणे फोटोसाठीच येतात हो. फोटो बरा नाही आला तर पुढचं बुकिंग होत नाही.”

“देतो की,” अण्णा खुलले. “रात्री लावून दाखव तुझे चार. मग सांगतो किती लागतील.”

चहा पिताना बाळूने समोरचा डोंगर दाखवला. तोच सिद्धगड. १९४२च्या लढ्यात भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या लाइनचे मनोरे पाडले, शहरातले कारखाने थंडावावेत म्हणून. शेवटी २ जानेवारी १९४३ला याच सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी इथे लोक जमतात.

“मनोरे पाडले? वीज तोडायला?” अण्णांनी कपाळाला हात लावला. “थोर माणसं, बाबा. पण आमच्या धंद्याच्या मुळावरच आली की.”

रात्री जेवण आटोपून दोघं घुमटात गेले. आत गोलाकार माळा लावलेल्या, उशाशी दोन दिवे, पलंगाखालून निळा पट्टा. कानात किंचित दडा बसल्यासारखं होत होतं आणि पंख्याची घरघर एकसारखी चालू होती. काकू पलंगावर पाय वर घेऊन बसल्या आणि चारी बाजूंना बघू लागल्या. बघता बघता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“अहो, मला बाहेरचं काहीच दिसत नाहीये.”

“डोळे फिरव ना जरा.”

“फिरवतेय. जिकडे बघावं तिकडे मीच. समोर मी, डावीकडे मी, वर बघितलं तर डोक्यावर तुमचं टक्कल.”

खरंच होतं ते. पीव्हीसीच्या गोल भिंतीवर पलंग, उशा, माळा, काकूंची जांभळी साडी असं सगळं वाकडं होऊन उमटलं होतं. अण्णांनी भिंतीला नाक लावलं, दोन्ही हातांनी डोळ्यांभोवती आडोसा केला तेव्हा झाडाची एक काळी बाजू जेमतेम दिसली. बरं, श्वासाची वाफ धरून भिंत धुरकटायलाही लागली होती.

“बाहेर लाइट कमी पडतोय,” अण्णांनी निदान केलं आणि फोन करून बाळूला फ्लडलाइट लावायला सांगितलं.

चारी दिवे एकदम लागले. जवळची झाडं सिनेमातल्या सेटसारखी हिरवीगार उभी राहिली आणि त्यांच्या मागचं सगळं होतं त्याहून काळं झालं. डोंगर गेला. तारे गेले. दिव्यांच्या तोंडाशी किड्यांचा ढग जमला आणि त्यांतले काही फटाफट काचेवर आपटू लागले. दुसऱ्या घुमटातल्या जोडप्याने या बाजूला मोबाइल रोखला. त्यांच्या फोटोच्या मागे दिव्यात न्हालेला हा घुमट आणि त्यात पाय वर घेऊन बसलेल्या काकू. काकूंनी पटकन पाय खाली घेतले.

“कळलं मला काय झालंय,” त्या म्हणाल्या. “तुमच्या सराफाची शोकेस झालीय ही. आत लखलखाट, बाहेर काळोख. आणि हार म्हणजे आपण दोघं.”

अण्णा काही बोलले नाहीत. चाळीस वर्षं जी खुबी ते पोरांना शिकवत आले, ती त्यांना आज काचेच्या उलट्या बाजूने कुणीतरी ऐकवत होतं.

“एवढे पैसे भरून आलोय,” काकू पुढे म्हणाल्या, “तर एक काय ते ठरवा. आपल्याला दिसायचंय की पाहायचंय?”

अण्णा उत्तर जुळवत होते, तेवढ्यात वारा सुटला.

वळवाचा वारा कधी सांगून येत नाही. आधी धुळीचा वास, मग जांभळीच्या फांद्यांची सळसळ, मग घुमटावर ताडताड चार थेंब. डोंगरामागे वीज चमकली आणि त्याच क्षणी सगळे दिवे गेले. माळा, निळा पट्टा, चारी फ्लडलाइट, सगळे. पाठोपाठ पंख्याची घरघर मंदावत बंद पडली.

“घाबरू नका,” बाहेरून बाळूचा आवाज आला. “लगेच बसत नाही फुगा. सावकाश खाली येतो. तुम्ही दारातून बाहेर या.”

जनरेटर होता, पण त्याची बॅटरी उतरलेली. अण्णा आणि काकू एकमेकांचा हात धरून दोन दारं पार करत बाहेर पडले आणि आजीच्या ओसरीवर पोहोचले. दुसरं जोडपंही आलं. आजीने आत जाऊन घोंगडी आणली, पसरली आणि म्हणाली, “बसा. लाइट येईल तवा येईल.” पाऊस अर्धा तास कोसळला. पागोळ्यांचा आवाज, मातीचा वास, गोठ्यातल्या गाईचं हंबरणं, हे सगळं अगदी अंगाशी आलं. घुमटात पंख्याच्या घरघरीखाली यातलं काहीच पोहोचलं नव्हतं.

अण्णांनी सवयीने मोबाइलची बॅटरी लावली. आजी म्हणाली, “इझवा ती. डोळं दुखत्यात.”

विझवली. पहिल्यांदा काहीच दिसेना. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि मध्ये एकदा जरी उजेड पाहिला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हळूहळू अंगणाची कड दिसली, मग विहिरीचा कठडा, मग सिद्धगडाची रेघ. पाऊस उघडला. ढग पूर्वेकडे सरकले आणि आभाळ धुऊन निघाल्यासारखं मोकळं झालं. काकू अंगणात उतरल्या. लहानपणी त्यांच्या वडिलांनी माडीवर झोपवून तारे ओळखायला शिकवले होते. पुढे मुलीला घेऊन त्या वांगणीला खगोल मंडळाच्या रात्रभराच्या कार्यक्रमालाही जाऊन आल्या होत्या.

“हे सप्तर्षी. या शेपटीची कमान तशीच पुढे न्या, ती स्वाती. अजून पुढे चित्रा. आणि तो तांबूस दिसतोय ना, ती ज्येष्ठा. विंचवाचं काळीज.”

अण्णा मान वर करून बघत राहिले. डोंबिवलीत यातलं काही नव्हतं असं नाही. हेच आभाळ फडके रोडवरही होतं. मध्ये अण्णा होते.

आणि मग जांभळीवर एक ठिणगी पडली. पडली, विझली. शेजारी दुसरी. मग ऐनाच्या झाडावर दहा-वीस. बघता बघता झाडाच्या झाड लुकलुकायला लागलं. एका लयीत, जणू कुणी दूर बसून बटण दाबतंय. काकूंच्या तोंडून नुसतं “अगंबाई” निघालं. काजवे त्यांच्या खांद्याजवळून गेले, एक पदरावर टेकला. हिरवट-पिवळा थेंबभर उजेड, आणि त्याला ऊब अशी नाहीच.

“उडणारे ते नर,” बाळू हळू आवाजात सांगू लागला. “मादी खाली पानावर बसलेली असते. तिला खूण पटली की ती उत्तर देते. अळी जमिनीत गोगलगायी खाऊन महिनोन्‌महिने वाढते आणि एवढ्या खटाटोपानंतर हा उजेडाचा खेळ मिळतो जेमतेम दोन आठवडे.”

“पयलं आंगणात यायचे,” आजी म्हणाली. “आता पल्याड गेले. आज आले बग.”

“आजच का?” दुसऱ्या घुमटातल्या मुलीने विचारलं.

आजीने उत्तर दिलं नाही. ते द्यायची गरजही पडली नाही, कारण तेवढ्यात वीज आली.

चार फ्लडलाइट एकदम भडकले. सगळ्यांनी डोळ्यांवर हात घेतला. हात काढले तेव्हा झाडं पुन्हा सेटसारखी हिरवी, अंगण पांढरंफटक, आणि काजवा एकही नाही. ते उडून गेले नव्हते, तिथेच होते. पण त्यांनी मारलेली हाक त्या झोतात कुणाला दिसणार? बाळू ओशाळून उभा राहिला. पंखा घरघरायला लागला, फुगा उसासा टाकून वर उठू लागला.

लाइट गेल्यावर धावायची अण्णांना सवय होती. लाइट आल्यावर ते धावले ते या रात्री. घराच्या मागच्या भिंतीवर मीटरशेजारी बाळूचा बोर्ड होता. उघडून बघतात तर पंखा, माळा, फ्लडलाइट सगळं एकाच एमसीबीवर. खाली पाडला तर फुगाही बसणार.

“कुणी केलंय हे वायरिंग?” अण्णा कडाडले.

“मीच,” बाळू म्हणाला.

“वाटलंच.” अण्णांनी एमसीबी पाडला, टेस्टरने खात्री केली, खिशातला लहान पेचकस काढला. निघालेल्या टोकांतून फ्लडलाइटची जाड काळी वायर बोटांनी चाचपून ओळखली, तिचा स्क्रू सैल केला, तांब्याचं टोक बाहेर ओढून त्यावर टेपचे तीन वेढे दिले. माळांची बारीक जोडीही तशीच काढली. एमसीबी वर केला. पंखा फिरायला लागला. बाकी सगळीकडे काळोख.

बाळू हसला. “अण्णा, सिद्धगडाखाली वीज तोडणारे तुम्ही पहिले नाहीत.”

काजव्यांना परत यायला बराच वेळ लागला. पण आले. दोन्ही जोडपी मध्यरात्र उलटेपर्यंत ओसरीवर होती. मग अण्णा-काकू घुमटात जाऊन पडले, एकही दिवा न लावता. या वेळी भिंतीवर त्यांचं प्रतिबिंब नव्हतं. भिंतच नव्हती म्हणा ना. पीव्हीसीच्या अल्याड दोन माणसं आणि पल्याड लुकलुकणारं रान, आणि दोघांना बघणारं कुणीही नाही.

सकाळी बाळूने कोटेशनची आठवण केली. अण्णांनी त्याच्याच पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं. फ्लडलाइट उतरवणे. झाडांवर काही नाही. पंख्याला स्वतंत्र लाइन आणि इन्व्हर्टर. पायवाटेला गुडघ्याच्या खाली टोपीवाले मंद पिवळे दिवे, झोत फक्त पायाशी. घुमटातला प्रत्येक दिवा पाहुण्याच्या उशाशी एका बटणावर.

बाळूने कागद दोनदा वाचला. “अण्णा, यात तुमचं काय सुटणार?”

“माळांच्या कामात सुटलं असतं त्याच्या चौथाईही नाही.”

“आणि माझं? फोटोला लाइट नसेल तर लोक पैसे परत मागतील.”

हा प्रश्न खोटा नव्हता. अण्णांनी विचार करून सांगितलं, “आठ वाजेपर्यंत लाव आतल्या माळा. ज्याला फोटो काढायचा तो काढेल. आठनंतर बंद. आणि बुकिंग घेतानाच सांग. भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे बघायला जातात, तिथे वनखातं बॅटरी आणि फ्लॅशला मनाई करतं. लोक तरी जातातच ना?”

त्या हंगामात बाळूचं थोडं नुकसान झालं. ‘फोटोत काही दिसत नाही’ म्हणून दोन-तीन कुटुंबांनी तोंड वाकडं केलं. दुसऱ्या घुमटातलं ते जोडपं मात्र पुढच्याच आठवड्यात आईवडिलांना घेऊन परत आलं आणि त्यांनी मोबाइल आजीच्या डब्यात ठेवायला दिले.

खरी परीक्षा दिवाळीत झाली. फडके रोडच्या बाजूच्या एका गल्लीतले व्यापारी अण्णांकडे आले. या वर्षी रस्त्यावरची सगळी झाडं बुंध्यापासून फांद्यांपर्यंत माळांनी मढवायची होती. काम मोठं, पैसे आगाऊ.

“दोन खांबांमध्ये कमानी लावतो, दुकानांवर माळा सोडतो, रस्त्यावर छत करतो,” अण्णा म्हणाले. “झाडाला हात लावणार नाही.”

“अहो, ठाण्यात सर्रास करतात.”

“करतात. म्हणूनच २०२४ साली प्रकरण हायकोर्टात गेलं. आणि कोर्टाचं राहू द्या. त्या पिंपळावर संध्याकाळी साळुंक्यांची शाळा भरते. त्यांच्या डोळ्यांत रात्रभर झोत मारून मला दिवाळी नाही करायची.”

“लाइटवाल्यानेच लाइटला नाही म्हणायचं?” एक जण हसला.

“लाइटला नाही म्हणत. दिवा कुणासाठी लावायचा ते विचारतोय. माणसं रस्त्यावर येणार, एकमेकांना बघणार, नव्या कपड्यांत मिरवणार. दिवाळी दिसण्याचाच सण आहे, त्यासाठी हवा तेवढा लाइट देतो. पिंपळाला मिरवायचं नाहीये.”

झाडांचं काम दुसऱ्या कंत्राटदाराकडे गेलं. अण्णांकडे कमानी राहिल्या. शिडीवरचा पोऱ्या कुरकुरला, “अण्णा, तुमचं तत्त्व झालं, आमची रोजंदारी गेली.” अण्णांनी त्याला पदरचे दोन दिवसांचे पैसे दिले. त्या दिवाळीला त्यांचा हिशेब बसला नाही आणि तो बसला असं त्यांनी कुणाला सांगितलंही नाही. पण नव्या पोराला शोकेस शिकवताना त्यांच्या त्या एका ओळीला आता शेपूट आलं आहे: “उजेड ज्या बाजूला, ती बाजू दिसते. म्हणून दाखवायचं असेल तर दिवा लाव, पाहायचं असेल तर मालव. दोन्ही एकदम होत नाही.”

भाऊबीजेला सगळे ठाण्याला मुलाकडे जमले. जेवणं झाल्यावर अण्णांनी दिवाणखान्यातला मोठा दिवा बंद केला आणि पडदा सर्रकन बाजूला सारला. मुलगा म्हणाला, “बाबा, काय करताय?”

“डोंगराचे पैसे भरलेस ना? बघ की.”

आधी काचेत काहीच नव्हतं. मग येऊरच्या डोंगराची कड उमटली, तिच्या वर दोन-चार तारे. नातवंडं काचेला चिकटली. पण डोंगराच्या कुशीत एका खेळाच्या मैदानावर पांढरे झोत लागले होते, आणि त्या बाजूचं काहीच दिसत नव्हतं. खेळणारंही कुणी दिसत नव्हतं.

“आपला दिवा घालवला, ठीक आहे,” मुलगा म्हणाला. “पण ते कोण घालवणार?”

“ते बटण आपल्या हातात नाही,” अण्णा म्हणाले. “जे हातात होतं ते आधी दाबलं. आता सोसायटीतर्फे महापालिकेला अर्ज द्यायचा. घे कागद, मजकूर तुझी आई सांगेल.”

काकूंनी चष्मा सारखा केला आणि सांगायला सुरुवात केली: “महोदय, खेळणाऱ्यांनी जरूर खेळावे. परंतु खेळ संपल्यावर दिवे बंद करावेत. रिकाम्या मैदानाला उजेड लागत नाही.”